कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक पळणाराच लागतो का?

ओळखीतल्या एका गृहस्थांचा मुलगा मिडवेस्टमधल्या विद्यापीठात शिकतो. त्यामुळे त्यांच्या घरी आता दर शनिवारी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागतो आणि त्याबरोबर वादही लागतो. त्यांच्या संघाने यंदा उंचापुरा, दणकट हाताचा, पण जागचा फारसा न हलणारा क्वार्टरबॅक आणला आहे (क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकायचा, कुणाला द्यायचा की घेऊन पळायचं हे ठरवणारा खेळाडू). मुलगा म्हणतो, हा जमाना गेला, पळणाऱ्या क्वार्टरबॅकशिवाय कॉलेजचा ऑफेन्स, म्हणजे बॉल घेऊन चढाई करणारी बाजू, आता चालूच शकत नाही. वडिलांना ते पटत नाही. खरं काय, असं त्यांनी मला विचारलं. मी बरीच वर्षं इथे हायस्कूलच्या मुलांना क्वार्टरबॅक म्हणून घडवतो आणि त्यातली काही पुढे कॉलेजात खेळतात. हा प्रश्न दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पालकांकडून येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पळणारा क्वार्टरबॅक लागतोच असं नाही. पण ज्याच्या पायांची समोरच्याला दखलच घ्यावी लागत नाही, अशा मुलाला घेऊन जिंकायचं असेल तर बाकीचे दहाजण फार वरच्या दर्जाचे लागतात. असे दहाजण देशातल्या मोजक्याच संघांकडे असतात. तेव्हा तुमच्या संघाकडे बाकी काय आहे ते आधी बघायला हवं, क्वार्टरबॅकचा विचार त्यानंतर.

सुरुवात गणितापासून करू. दोन्हीकडे अकरा-अकरा. क्वार्टरबॅकने बॉल रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्याच्या, हातात दिला आणि स्वतः बघत उभा राहिला, की ब्लॉक करायला, म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवायला, उरले नऊ. समोर मात्र अकराच्या अकरा. म्हणजे दोन डिफेन्डर मोकळे. त्यातला एक मागे खोलवर उभा असलेला सेफ्टी असतो, तो थोडा उशिरा पोचतो. दुसरा मात्र थेट बॉलवर जातो. धावण्याच्या खेळातली निम्मी डोकेदुखी या एका मोकळ्या माणसाची असते.

क्वार्टरबॅक पळू शकत असेल तर हे गणित दोन तऱ्हांनी बदलतं. तो स्वतः बॉल घेऊन पळाला आणि रनिंग बॅक त्याच्यापुढे ब्लॉकर झाला, की नऊचे दहा होतात. दुसरी तऱ्हा झोन रीडची, आणि ती जास्त मजेदार आहे. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक लाइनपासून काही पावलं मागे उभा असताना, स्नॅप (मधल्या खेळाडूने मागे दिलेला बॉल) आला की क्वार्टरबॅक बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो. क्षणभर दोघांचे हात बॉलवर असतात. क्वार्टरबॅकची नजर मात्र ज्याला मुद्दामच कुणी ब्लॉक केलेलं नाही, त्या डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूवर, असते. एंडचे खांदे आत, रनिंग बॅककडे वळले की बॉल काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून बाहेर निघायचं. तो खांदे सरळ ठेवून जागेवर थांबला तर बॉल रनिंग बॅककडे सोडून द्यायचा. खो-खो खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, आणि मुरलेला खेळाडू त्याच्या खांद्याकडे बघत तेवढ्याचीच वाट पाहत असतो. इथे एंडला नियम आडवा येत नाही, त्याचं स्वतःचं वजन येतं. सव्वाशे किलोचा माणूस एकदा आत झेपावला की त्याच पावली बाहेर वळू शकत नाही. अशा रीतीने एका डिफेन्डरला हात न लावता बाद करता येतं आणि तो वाचलेला ब्लॉकर लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूवर, जातो.

आता यातली मेख बघा. क्वार्टरबॅक बॉल कधीच स्वतःकडे ठेवणार नाही हे एंडला माहीत असेल, तर तो डोळे झाकून रनिंग बॅकवर जातो आणि सगळा प्ले कोसळतो. म्हणजे झोन रीड चालण्यासाठी क्वार्टरबॅक सुसाट असायची गरज नाही. एंडच्या मनात शंका राहील, एवढाच तो लागतो. सामन्यात तीन-चार वेळा बॉल ठेवून सात-आठ यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट) काढणारा मुलगा हे काम व्यवस्थित करतो. माझं सगळं म्हणणं या शंकेभोवती आहे.

प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात झोन रीडचा हा खेळ सुरू केला. सरावात क्वार्टरबॅकचा हॅन्डऑफ (बॉल हातात देणं) चुकला, एंड आत धावलेला दिसला, मग तो बॉल घेऊन बाहेर पळाला, आणि प्रशिक्षकाने विचारलं की तू तसं का केलंस, अशी हकीकत सांगतात. पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात क्वार्टरबॅक पॅट व्हाइट आणि रनिंग बॅक स्टीव्ह स्लेटन या जोडीने त्या कल्पनेचं काय करून दाखवलं, ते त्या काळी सामने बघणारा कुणी विसरणार नाही. व्हाइटने कारकिर्दीत ४,४८० यार्ड धावून काढले. त्यानंतर २००८ साली रॉड्रिगेझ मिशिगनला गेला. तिथे त्याच्या पद्धतीला साजेसा क्वार्टरबॅक नव्हता. स्टीव्हन थ्रीट आणि निक शेरिडन हे दोघे त्यासाठी घडलेलेच नव्हते. मिशिगनसारखा बलाढ्य संघ त्या वर्षी ३ जिंकला, ९ हरला. दोन वर्षांनी तिथेच क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सनने एका हंगामात १,७०२ यार्ड धावले. मुलाच्या बाजूने बोलायचं तर याहून चांगलं उदाहरण नाही. पण यातून पळणारा क्वार्टरबॅक हवाच असं सिद्ध होत नाही. पद्धत आणि माणूस यांचं जमलं नाही की संघ बुडतो, एवढंच सिद्ध होतं.

कॉलेजमध्ये पायांना एनएफएल या व्यावसायिक लीगपेक्षा जास्त किंमत का, हेही सांगायला हवं, कारण एनएफएल बघून कॉलेजबद्दल मत बनवणारे बरेच असतात. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंदच असतं. पण हॅश मार्क, म्हणजे ज्या दोन खुणांच्या पट्ट्यातूनच प्रत्येक चाल सुरू होते, त्यांच्यामधलं अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आणि कॉलेजमध्ये ४० फूट आहे. कॉलेजात बॉल डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे १०० फूट जागा उरते. त्या शंभर फुटांत डिफेन्सला माणसं पसरून उभी करावी लागतात, आणि मधल्या फटीतून क्वार्टरबॅक निघाला तर त्याला गाठायला कुणी जवळ नसतं. शिवाय त्या रुंद बाजूच्या कडेपर्यंत वेळेत बॉल फेकणारा हात प्रत्येक मुलाकडे नसतो, पण तिकडे पळत जाणारे पाय बऱ्याच जणांकडे असतात. अचूक फेक हीच या खेळातली सर्वांत दुर्मिळ गोष्ट आहे. वर्षाला थोडी मुलं तशी असतात, आणि ती मोठे संघ उचलतात.

वेळेचाही प्रश्न आहे. हंगामात सरावासाठी आठवड्याला २० तास, ही एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची मर्यादा. त्या २० तासांत पाच लाइनमननी, म्हणजे पुढे उभं राहून अडवणाऱ्यांनी, मिळून प्रत्येक प्रकारचा ब्लिट्झ (जास्तीची माणसं पाठवून केलेला हल्ला) ओळखायचा, एकमेकांना माणसं सोपवायची, आणि तेही एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी. अशा लाइनमागे चूक होणारच. चूक झाल्यावर क्वार्टरबॅक एक माणूस चुकवून बाहेर पडू शकत असेल तर ती चूक फेकलेल्या बॉलमध्ये किंवा पाच यार्डांत बदलते. नाहीतर सॅक, म्हणजे बॉल हातात असतानाच क्वार्टरबॅक पाडला जातो. म्हणून मधल्या फळीतल्या संघांचे प्रशिक्षक पळणारा मुलगा शोधतात, ते बरोबरच करतात. सैनिकी अकादमींकडे बघा. तिथल्या मुलांना पुढे सैन्यात रुजू व्हायचं असल्यामुळे दीडशे किलोचे लाइनमन ठेवता येत नाहीत. मग सगळा भार ऑप्शनवर, म्हणजे झोन रीडसारख्या समोरच्याला वाचून ठरवायच्या चालींवर, आणि क्वार्टरबॅकच्या पायांवर. नेव्हीच्या कीनन रेनॉल्ड्सने कारकिर्दीत धावून ८८ टचडाउन केले (टचडाउन म्हणजे बॉल घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडणं). २०२४ मध्ये आर्मीच्या ब्रायसन डेलीने एकाच हंगामात ३२ केले, आणि आर्मी १२ सामने जिंकली. त्यांच्यापुरतं बोलायचं तर हो, पळणारा क्वार्टरबॅक लागतोच, त्याशिवाय त्यांचा ऑफेन्स उभाच राहत नाही.

पण याच कॉलेज फुटबॉलमध्ये केलन मूर होऊन गेला. बॉइझी स्टेटचा डावखुरा क्वार्टरबॅक. उंची बेताची, वेग त्याहून बेताचा. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत ५० विजय, ३ पराभव. त्याचे सामने मी विद्यार्थ्यांना आजही दाखवतो. स्नॅपच्या आधीच त्याला कळलेलं असायचं की बॉल कुठे जाणार आहे, त्यामुळे डिफेन्स पोचेपर्यंत बॉल हातात नसायचाच. प्रशिक्षक माइक लीचच्या एअर रेड या फेकण्यावर भर देणाऱ्या पद्धतीतही तेच. लाइनमन एकमेकांपासून लांब उभे, त्यामुळे एंडला लांबून यावं लागायचं, आणि बॉल झटकन बाहेर. २००८ मध्ये टेक्सस टेकचा ग्रॅहम हॅरल पळून कुणाला घाबरवत नव्हता, तरी संघ ११ सामने जिंकला.

मग २०२०ची अलाबामा. मॅक जोन्सला पळणारा म्हणायला त्याचे चाहतेही धजावणार नाहीत. त्याचे ७७.४ टक्के पास पूर्ण झाले, ४१ टचडाउन, संघ १३-०. अंतिम सामन्यात समोर ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स, दोघांतला कितीतरी जास्त चपळ, आणि निकाल ५२-२४. हे कसं जमलं, तर त्या संघाकडे देशातली सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइन होती, मागे नाजी हॅरिस, बाहेर त्या वर्षीचा हाइजमन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) विजेता डिव्होंटा स्मिथ. शिवाय ऑफेन्सचा प्रशिक्षक स्टीव्ह सार्किजियनने आरपीओचा पुरेपूर वापर केला. आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणजे त्याच एका डिफेन्डरला वाचायचं, पण बॉल काढून पळण्याऐवजी त्याने सोडलेल्या जागेत लगेच फेकायचा. लाइनमन धावण्याचा प्ले समजून पुढे गेलेले असतात. एनएफएलमध्ये ते एक यार्डापलीकडे गेले की दंड, कॉलेजमध्ये तीन यार्डांपर्यंत मुभा. या दोन यार्डांच्या सवलतीमुळे कॉलेजमधला लाइनबॅकर कायम पेचात असतो. म्हणजे पळणाऱ्या क्वार्टरबॅकने जो एक माणूस वाचवला होता, तोच न पळता, फक्त मनगटाच्या झटक्याने वाचवता येतो. वडिलांची बाजू इथे सर्वांत भक्कम होते. या तऱ्हेला अर्थात झटपट डोळे आणि झटपट हात लागतात, आणि बाहेर पकडणारा लागतो.

दुसरीकडे, पाय आहेत म्हणजे सगळं आहे असंही नाही. लमार जॅक्सनइतका वेगवान क्वार्टरबॅक कॉलेजने क्वचितच पाहिला असेल. २०१६ साली तो हाइजमन जिंकला, त्याच हंगामात ह्यूस्टनने त्याला ११ वेळा सॅक केलं आणि त्याचा संघ लुइव्हिल ३६-१० हरला. लाइन ढासळली की वेगही पुरत नाही. उलट पळणाऱ्या मुलांना सुटण्याची इतकी खात्री असते की ती बॉल जास्त वेळ धरून ठेवतात, आणि मूरसारख्याने आधीच फेकून दिला असता त्या जागी सॅक खातात. हे मला सरावात दर आठवड्याला दिसतं. आकडे वाचतानाही एक भान ठेवा: कॉलेजमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये तसं होत नाही. हंगामात शंभर यार्ड दिसले म्हणजे मुलगा पळत नाही असं नाही, त्याने कदाचित तीनशे काढले असतील आणि दोनशे सॅकमध्ये गेले असतील.

जानेवारी २०१८चा अंतिम सामना या बाबतीत फार बोलका आहे. अलाबामाचा जेलन हर्ट्स उत्तम पळायचा. जॉर्जियाने त्याला पळायला जागाच दिली नाही, आणि फेकून जागा उघडणं त्याला तेव्हा जमत नव्हतं. मध्यंतराला ०-१३. प्रशिक्षक निक सेबनने दुसऱ्या अर्ध्यात नवख्या टुआ टॅगोव्हाइलोआला उतरवलं आणि अलाबामा ओव्हरटाइममध्ये २६-२३ जिंकली. पण त्याच वर्षअखेरीच्या एसईसी या लीगच्या अंतिम सामन्यात, समोर पुन्हा जॉर्जियाच, टुआ जायबंदी झाला आणि हर्ट्स बाकावरून उठून आला. या वेळी त्याने आधी फेकून बरोबरी साधली आणि मग १५ यार्ड पळत विजयी टचडाउन केला. माणूस तोच, पाय तेच. वर्षभरात त्याचा हात सुधारला होता, म्हणून पायांना जागा मिळाली.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सामना ३१ डिसेंबर २०२२चा, अटलांटातला पीच बोल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफचा उपांत्य सामना. ओहायो स्टेटचा सी. जे. स्ट्राउड हा अव्वल फेकणारा, पण हंगामभर त्याच्यावर एकच आक्षेप होता: समोर मोकळं मैदान दिसत असूनही तो पळत नाही. त्या रात्री जॉर्जियासारख्या डिफेन्ससमोर तो पळायला लागला. फार नाही. पॉकेट, म्हणजे लाइनमननी क्वार्टरबॅकभोवती केलेलं कडं, फुटलं की बाहेर पडायचा, कधी पळायचा, कधी पळता पळता फेकायचा. जॉर्जियाचे लाइनबॅकर त्याच्यावर नजर ठेवून अर्धं पाऊल अडकायला लागले आणि त्यांच्या मागे जागा उघडत गेली. शेवटच्या चढाईत तो २७ यार्ड पळाला. किकरची ५० यार्डांची किक हुकली आणि सामना ४२-४१ असा गेला, पण तो ऑफेन्स हंगामभरात इतका भयंकर कधी दिसला नव्हता. स्ट्राउड त्या दिवशीही पळणारा क्वार्टरबॅक नव्हता. त्याची दखल घ्यावी लागत होती, एवढाच फरक पडला होता.

बुद्धिबळपटूसारखा शांत खेळणारा जो बरो २०१९ मध्ये ६० टचडाउन पास फेकून गेला, त्यानेही धावून ३६८ यार्ड काढले होते. अगदी अलीकडे इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा. त्याला कुणी पळणारा म्हणणार नाही. पण जानेवारी २०२६ मध्ये मायामीविरुद्धच्या अंतिम सामन्यात, चौथ्या डाउनवर (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्यावर), प्रशिक्षकाने क्वार्टरबॅक ड्रॉ (फेकायचं नाटक करून पळायची चाल) बोलावला आणि हा गडी १२ यार्ड, अंगावर टॅकल झेलत, टचडाउनमध्ये शिरला. इंडियाना २७-२१ जिंकली आणि १६-० ने हंगाम संपवला. मायामीच्या डिफेन्सने पास गृहीत धरला होता. अशा क्षणी वेग लागत नाही, तयारी आणि छाती लागते.

आता सरावातलं थोडं. पालक मुलाची ४० यार्ड धावण्याची वेळ सांगतात, मी त्याकडे फारसा बघत नाही. मी मुलाला पॉकेटमध्ये उभा करतो, दोन सहकारी पॅड घेऊन त्याच्या अंगावर जातात, आणि मी वीस यार्डांवर उभा राहून हाताची बोटं वर करतो. त्याने पाय हलवत, एक पाऊल डावीकडे, मग पुढे, दबाव चुकवायचा आणि त्याच वेळी बोटं किती ते ओरडून सांगायचं. पुष्कळ चपळ मुलं इथे पडतात. पॅड अंगाला लागला की नजर खाली जाते, मैदान दिसेनासं होतं आणि मग पळण्याशिवाय काही उरत नाही. ज्या मुलाची नजर वर राहते आणि पाय आपोआप सरकतात, तो शर्यतीत शेवटचा आला तरी मला चालतो. वॉशिंग्टनचा मायकल पेनिक्स असाच. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतींतून उठलेला, पळण्याच्या भानगडीत न पडणारा, तरी २०२३ मध्ये त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तिथे मिशिगनच्या चौघांनीच, जास्तीचा माणूस न पाठवता, दबाव आणला. पेनिक्सचे ५१ पैकी २७ पास पूर्ण झाले, दोन समोरच्यांनी पकडले, निकाल ३४-१३. न पळणाऱ्या क्वार्टरबॅकची हद्द कुठे आहे ते त्या रात्री दिसलं: चार जणांत दबाव आणणारा डिफेन्स वर्षातून एखाद-दोनदाच भेटतो, पण भेटतो तो बहुधा शेवटच्या सामन्यात.

पळण्याची किंमतही मोजावी लागते. डिसेंबर २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया देशात दुसऱ्या क्रमांकावर होती. घरच्या मैदानावर पिट्सबर्गला हरवलं की राष्ट्रीय अंतिम सामना. पॅट व्हाइटच्या अंगठ्याला दुखापत झाली, तो बाहेर गेला, आणि ज्या ऑफेन्सला कुणी थांबवू शकत नव्हतं तो ९ गुणांवर अडकला. १३-९. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस धावताना टॅकलमध्ये पाय मोडून बसला. संघ १३-० राहूनही निवड समितीने त्यांना प्लेऑफमध्ये घेतलं नाही. आता तर ट्रान्सफर पोर्टलमुळे चांगला दुसरा क्वार्टरबॅक बाकावर टिकतच नाही, दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो. त्यामुळे क्वार्टरबॅकला सामन्यात पंधरा-वीस वेळा ठरवून पळवणं मला कुठल्याच मोठ्या संघासाठी शहाणपणाचं वाटत नाही. पाच-सहा वेळा, तेही नेमक्या ठिकाणी, पुरे.

नेमकी ठिकाणं दोन. तिसरा डाउन आणि चार ते सात यार्ड बाकी असताना बरेच डिफेन्स आठजणांना मागे कव्हरेजमध्ये (पकडणाऱ्यांवर पहारा द्यायला) टाकतात आणि तिघांनाच पुढे पाठवतात. फेकायला जागा नसते, पण समोर दहा यार्ड मोकळे पडलेले असतात. आणि दुसरं, गोललाइनजवळ. तिथे मागे मैदानच उरत नाही, सेफ्टी पुढे येतो, आणि सुरुवातीला सांगितलेला तो मोकळा माणूस एकाचे दोन होतात. कॅम न्यूटनने २०१० मध्ये ऑबर्नसाठी धावून २० टचडाउन केले, त्यातले बरेच असे जवळून आलेले. तिथे एकवीस वर्षांचा, शंभर किलोंच्या वरचा क्वार्टरबॅक दोन यार्ड पुढे घुसू शकतो की नाही, एवढाच सवाल असतो.

तुमच्या संघाबद्दल बोलायचं तर नव्या मुलाच्या उंचीकडे आणि वेगाकडे बघू नका. पहिल्या तीन-चार सामन्यांत असल्या तिसऱ्या डाउनला तो काय करतो ते बघा. पॉकेट फुटल्यावर त्याची नजर कुठे जाते, आणि समोर मोकळं दिसलं तर तो सहा यार्ड घेऊन खाली घसरतो का, की उभा राहून वाट बघतो. शिवाय लाइनमधले पाचपैकी किती गेल्या वर्षीचेच आहेत ते तपासा. चार-पाच जुने असतील आणि बाहेर एक तरी खरा रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) असेल, तर हा मुलगा पुरेल. लाइन नवी असेल आणि तो तिसऱ्या डाउनलाही जागचा हलत नसेल, तर ऑक्टोबरात मोठे संघ समोर आल्यावर तुमच्या मुलाचं म्हणणं खरं ठरायला लागेल.